कोरीनाचा ठोकळा

आमच्या अलामितोस गावात सपाट जागा दोनच, चर्चची फरशी आणि शवपेटीचं झाकण. हा विनोद माझा नाही, माझी मामेबहीण कोरीना माएस्तास हिचा. बाकी सगळं गाव डोंगराच्या उतारावर टांगलेलं आहे. वर पाइनचं जंगल, खाली दूरवर एस्पान्योलाचं खोरं, आणि मधे वळणावळणाचा एकच रस्ता. न्यू मेक्सिकोच्या या कोपऱ्यात देवाला पातळी लावायला वेळ मिळाला नसावा. कोरीना म्हणायची, "फेला, मला अशा गावी जाऊन मरायचंय, जिथे जमिनीवर चेंडू ठेवला की तो ठेवला तिथेच राहतो." लोक हसायचे, मीही हसायचे. ती चेष्टा करत नव्हती हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

तिच्या मांडीवर कायम एक लाकडी ठोकळा असायचा. सीडरच्या लाकडाचा, एका बाजूने उतरता, टायर घासून घासून काळा झालेला. इतर बायकांच्या मांडीवर पर्स असते तसा तो हिच्या मांडीवर. त्या ठोकळ्याने तिची उभी जवानी खाल्ली, म्हणून तो आधी समजावून सांगते.

तिचे वडील म्हणजे माझे मामा, तीओ देल्फीन. त्यांच्याकडे चौसष्ट सालची इम्पाला गाडी आहे. खरं तर ती रामोनची. रामोन हा कोरीनाचा धाकटा भाऊ. भंगारात पडलेली गाडी त्याने ओढून घरी आणली, पत्रा सरळ केला, सुक्या मिरचीच्या रंगात रंगवली, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसवली, आणि डिकीत पंप नि बॅटऱ्या घालून बटण दाबताच वरखाली होईल अशी केली. आमच्याकडे या गाड्या पळवायच्या नसतात. चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की खाली एस्पान्योलाला जायचं आणि मोठ्या रस्त्यावरून चालत्या माणसाच्या चालीने मिरवायचं. लोकांनी आपल्याला बघावं, आपण लोकांना बघावं, एवढंच.

मग एका उन्हाळ्यात रामोन वणवा विझवायला गेला. आमची पोरं जातातच. जळकं झाड अंगावर आलं आणि तो तिकडेच राहिला. त्याचा चेहरा गाडीच्या डिकीवर रंगवून घेतला, शेजारी ग्वादालुपेची माता मारिया. तीओंनी आपला ट्रक विकून टाकला आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही गाडीचं चाक हातात धरलं नाही. बाजारहाट असो, दवाखाना असो, कुणाचा बाप्तिस्मा असो की प्रेतयात्रा, रामोनचीच गाडी.

गाडी दिसायला राणी होती, पण थांबायचं नाव नको. चारी चाकांना जुने ड्रमचे ब्रेक. ड्रम म्हणजे लोखंडी डबाच, आतून दोन पट्ट्या फाकतात आणि त्याला घासून चाक थांबवतात. सपाटीवर त्यात काही वाईट नाही. पण डबा बंद, तापला की ऊब जाणार कुठे? आमच्या उतारावर निम्म्यात पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास यायला लागायचा आणि पेडल पायाखाली लोण्यासारखं खाली जायचं. गिअर दोनच, त्यांचा आधार तो काय. हॅन्डब्रेकची तार रामोनने पंप बसवताना कापली होती, ती तशीच राहिली. म्हणून निम्म्या वाटेवर, वाकड्या जुनिपरच्या झाडापाशी जरा मोकळी जागा आहे तिथे, गाडी थांबवून ब्रेक गार होईपर्यंत बसावं लागायचं. आणि थांबलेली गाडी घरंगळू नये म्हणून कुणीतरी झटकन उतरून पुढच्या चाकाला ठोकळा लावायचा. हे कुणीतरी म्हणजे कोरीना.

तिशीत होती तेव्हापासून. बावन्न वर्षांची झाली तरी तेच. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दिवसभर शंभर पोरांना बीन्स वाढायची आणि संध्याकाळी घरी आली की अंगणात तीओ टोपी घालून तयार. "चल पोरी, जरा खाली जाऊन येऊ." ती चाकू हातातला टाकून ठोकळा उचलायची. तिच्या जिवलग मैत्रिणीचं लग्न डेन्वरला होतं, आणि त्याच दिवशी खाली कुणाच्या तरी मयताला ही लाल गाडी पुढे पाहिजे होती. कोरीना मयताला गेली. मी असते तर तो ठोकळा कुणाच्या तरी डोक्यात घातला असता. ती मात्र मूग गिळून बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मारणारा एक शब्द वाकडा बोलत नव्हता, म्हणून तर ओरडता येत नव्हतं.

आणि उपाय नव्हता असंही नाही. खालच्या वळणावर उबाल्दोचं गॅरेज आहे. उबाल्दो म्हणजे रामोनचा मित्र, तोंडाने फाटका, हाताने चांगला. तो तिला दरवर्षी सांगायचा, "अगं, पुढचे दोन ड्रम काढ आणि डिस्क बसव. उघडी चकती असते, वारा लागतो, तापली तरी गार होते. हॅन्डब्रेकची तार मी घालून देतो. मग म्हातारा एकटा खुशाल हिंडेल, आणि तू एकदाची माणसात येशील."

कोरीना तीओंकडे विषय काढायची. तीओंचं उत्तर ठरलेलं.

"रामोनचा हात लागलेला एक स्क्रूसुद्धा हलायचा नाही."

संपलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, तो आपला हट्ट सोडत नाही. कोरीना स्वयंपाकघरात यायची आणि कणकेवर राग काढायची. त्या घरच्या तोर्तिया गावात सगळ्यात पातळ का असायच्या ते मला ठाऊक आहे.

त्यात एलिसेओ बाका आला. प्वेब्लोचा, तिकडे कॉलोरॅडोतला, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला विधुर. आमच्याकडच्या एका लग्नात त्याने कोरीनाला नाचायला बोलावलं आणि त्यानंतर दर आठवड्याला फोन करायला लागला. साधा माणूस, जरा जास्तच साधा. त्याच्या घरामागे आलुबुखाराचं झाड होतं आणि घरापुढचा रस्ता, कोरीनाने दोनदा विचारून खात्री केली, अगदी सपाट होता. त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत त्याने तिला पुन्हा लग्नाचं विचारलं आणि सांगितलं, "कोरीना, मी चौसष्ट वर्षांचा आहे. ईस्टरनंतर मी पुन्हा विचारणार नाही. राग म्हणून नाही, माझ्याच्याने होत नाही म्हणून."

ती माझ्याकडे आली. खुर्चीत बसली ती हात मांडीवर ठेवून, ठोकळा नव्हता तरी असल्यासारखे.

"मी गेले तर अपा एकटे गाडी काढतील," ती म्हणाली. "ते ऐकणार नाहीत. झाडापाशी ब्रेक जातील आणि ठोकळा लावायला कुणी नसेल. मग मी प्वेब्लोत आलुबुखार खात बसू?"

"आणि नाही गेलीस तर?"

"तर काय. आहेच की उतार."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, "पवित्र आठवड्यात तीओ मोरादात असतील ना? मग उबाल्दोला बोलाव."

मोरादा म्हणजे आमच्या गावच्या बंधूंची, धर्मसंघातल्या पुरुषांची, प्रार्थनेची मातीची कोठी. ईस्टरच्या आधीच्या या आठवड्यात बुधवारी बंधू आत जातात ते, शुक्रवारची मिरवणूक सोडली तर, शनिवारीच बाहेर येतात. आत काय चालतं ते आम्ही बायका विचारत नाही. फक्त दाराशी जेवण नेऊन ठेवतो. लाल मिरचीच्या रश्शातले अंड्याचे वडे, मसूर, मोड आलेल्या गव्हाची गोड पानोचा. तीओ त्या बंधूंतले सगळ्यात जुने गाणारे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दुःखाची गाणी त्यांना तोंडपाठ आणि आजवर एक ओळ चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

बुधवारी त्यांची पाठ वळताच उबाल्दो ट्रक घेऊन हजर झाला. त्याला गाडी उचलून टेकू द्यायला जाड फळ्या पाहिजे होत्या. कोरीना शेडच्या मागच्या कोपऱ्यात शोधायला गेली. तिथे जुन्या मेंढीच्या कातड्यांचा ढीग होता. तो उपसताना खालून खोकं निघालं. खोक्यात रामोनचा कामाचा निळा शर्ट, आणि शर्टात गुंडाळलेल्या दोन लोखंडी चकत्या. शेजारी चकती दाबून धरणारे जबडे, कंस, नट, सगळा संच. वरवर गंजलेला, पण पुरा.

उबाल्दो बघतच राहिला. मग त्याने टोपी काढली.

"ह्या आम्ही दोघांनी भंगारवाल्याकडे एका गाडीच्या काढल्या होत्या," तो म्हणाला. "रामोन नि मी. तो म्हणाला होता, आगीवरून आलो की बसवू. मयतानंतर मी तीओंना विचारलं. ते म्हणाले, विकल्या."

"रामोनला डिस्क घालायच्या होत्या?" कोरीनाने विचारलं.

"अगं त्यालाच तर घालायच्या होत्या! म्हणायचा, ड्रमवर घरच्यांना नाही बसवणार मी."

कोरीना त्या कातड्यांवर बसली. मला वाटलं रडेल. ती हसायला लागली, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

"इतकी वर्षं मी रामोनला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "रोज रात्री. मेलास ते मेलास, मला तुझ्या गाडीला बांधून गेलास म्हणून. आणि त्याने तर ह्या इथे आणून ठेवल्या होत्या." मग ती उठली, शर्ट झटकला, घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "उबाल्दो, ह्याच घाल. दुसऱ्या नकोत."

उबाल्दोने चकत्या गॅरेजात नेऊन यंत्रावर धरल्या, गंजाचा थर उतरवून लखलखीत केल्या. रबरी नळ्या नवीन, पट्ट्या नवीन, पेडलमागचा तेलाचा सिलिंडर नवीन, हॅन्डब्रेकची तारही नवीन. रामोनने घातलेली चाकं लहान होती. डिस्कचा जबडा चाकाला आतून घासायला लागला, तेव्हा उबाल्दोने तो शिव्या देत देत कानशीने तासला. गुरुवारी संध्याकाळी ड्रायव्हरच्या बाजूचं चाक झालं. दुसऱ्या बाजूचा जुना ड्रम मात्र जाम बसला होता, हातोड्याशिवाय हलेना. सूर्य बुडाला आणि उबाल्दोने हातोडा खाली ठेवला.

"आता शनिवारी," तो म्हणाला.

"शनिवारी? अपा शनिवारी घरी येतात!"

"मग मी काय करू? उद्या गुड फ्रायडे."

आमच्याकडे गुड फ्रायडेला माती खणत नाहीत, खिळा ठोकत नाहीत, लोखंडावर लोखंड मारत नाहीत. त्या दिवशी मारलेला प्रत्येक घाव कुणाच्या तळहातावर पडतो ते आम्हाला लहानपणीच सांगतात. उबाल्दो एरवी देवाला पाय लावेल असा माणूस, पण त्या दिवशी तो चमच्याने ताटसुद्धा वाजवत नाही.

"एकच चाक उरलंय रे," कोरीना म्हणाली.

"बाई, मी उद्या ठोकलं आणि परवा ब्रेक नाही लागले, तर तू मला काय म्हणशील?"

कोरीनाने स्वतः तरी हातोडा उचलला असता का? नसता. मीही नसता उचलला. म्हणून शुक्रवारी गाडी शेडमध्ये तीन चाकांवर आणि एका फळीवर उभी राहिली. उबाल्दोचा ट्रक सुरू होईना, तोही नेमका अंगणातच. आणि शुक्रवारची मिरवणूक माएस्तासांच्या घरावरून जाते, ते काही आम्हाला बदलता येत नव्हतं.

मी बायकांच्या रांगेत होते. पुढे क्रूस घेतलेले बंधू, त्यांच्यामागे तीओ वही न बघता गात होते. घर आलं. शेडचं दार वाऱ्याने हातभर उघडलं होतं आणि आत लाल पत्रा चमकत होता. तीओंची मान खाली होती. त्यांनी वर बघितलं की नाही मला दिसलं नाही. पण मारिया मातेची आणि क्रूस वाहणाऱ्या मुलाची वाटेत भेट होते त्या कडव्याला त्यांची एक ओळ सुटली. बाजूच्या बंधूने ती उचलून धरली. माझ्या शेजारची म्हातारी कुजबुजली, "थकला गं देल्फीन."

शनिवारी उजाडायच्या आत उबाल्दो चाकाला भिडला. शेवटी नळ्यांतली हवा काढायची होती. मला गाडीत बसवलं आणि तो खालून ओरडायला लागला, "दाब! धर! अगं धर म्हणतो ना, सोडू नको! हं, सोड!" माझी पोटरी भरून आली. कोरीना तेलाची बाटली धरून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. चाकांवर चकचकीत टोप्या बसल्या, बाहेरून काही ओळखू येईना. तीओ दुपारी आले ते थेट अंथरुणावर पडले.

ईस्टरच्या रविवारी तीओंनी मिस्सेनंतर नेहमीप्रमाणे गाडी चर्चच्या दारापुढे आणली आणि बटण दाबून तिचं नाक जमिनीला टेकवलं. वर्षातून एकदाच ते हे करतात, गाडी देवापुढे गुडघे टेकते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही निघालो. कोरीना पुढे, मांडीवर ठोकळा. मी मागे, मांडीवर माझ्या बहिणीकडे न्यायच्या करंज्यांचं ताट.

पहिलं वळण आलं. तीओंनी ब्रेक दाबला आणि गाडी एकदम उजवीकडे, डोंगराच्या अंगाला वळली. माझ्या करंज्या सांडल्या. झालं होतं असं, की जुने ड्रम तापले काय, गार काय, गाडीला डावीकडे ओढायचे, आणि तीओंचे हात इतकी वर्षं ब्रेक लावताना चाक उजवीकडे खेचून धरायचे. आता ओढणारं कुणी राहिलं नव्हतं, हात मात्र खेचत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच. तिसऱ्या वळणाला मात्र त्यांनी हात सैल सोडले आणि गाडी सुतासारखी सरळ गेली. त्यांनी कोरीनाकडे बघितलं नाही. कोरीनाने त्यांच्याकडे बघितलं नाही.

जुनिपरच्या झाडापाशी त्यांनी गाडी थांबवली. वास नाही, धूर नाही.

"ठोकळा," तीओ म्हणाले.

"लागत नाही आता, अपा. हॅन्डब्रेकही आहे," कोरीना म्हणाली आणि तिने हात लांबवून तो ओढला.

"शुक्रवारीच कळलं मला. उबाल्दोचा ट्रक दारात, शेडचं दार उघडं. माझी ओळ चुकली. तुम्हा बायकांना वाटलं, म्हातारा झाला."

"मग काल का नाही बोललात?"

तीओंनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"त्या डिस्क रामोनच्या आहेत," कोरीना म्हणाली. "कातड्यांच्या खाली होत्या."

"माहीत आहे. मीच ठेवल्या."

"का?"

मला गाडीतून उतरून जावंसं वाटत होतं, पण ती दोन दारांची गाडी, पुढची सीट दुमडल्याशिवाय मागच्याला सुटका नाही. तीओंनी समोरच्या खोऱ्याकडे बघितलं.

"तुझी आई गेली होती. रामोन गेला," ते म्हणाले. "गाडी आपली आपण थांबायला लागली असती, तर तू माझ्या शेजारी कशाला बसली असतीस?"

कोरीनाने हे ऐकलं आणि तिचा आवाज इतका हळू झाला की मी पुढे वाकले.

"बसले असते की, अपा. नुसतं 'ये' म्हणाला असतात तरी बसले असते. कधी म्हणालात? चल म्हणालात, उतर म्हणालात, ठोकळा म्हणालात. ये असं एकदाही नाही."

तेवढ्यात मला त्यांचा पाय दिसला. सगळी ताकद एकवटून ते ब्रेक दाबून बसले होते, गुडघा लटलट कापत होता. कोरीनालाही दिसलं.

"हॅन्डब्रेक लावलाय, अपा. पाय काढा. गाडी नाही हलणार."

"नाही जमत."

"काढा तरी."

"नाही जमत, पोरी. लाव ना ठोकळा."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग दार उघडून उतरली, वाकली, आणि पुढच्या चाकाला ठोकळा लावला. तीओंनी पाय काढला आणि दोन्ही हातांनी गुडघा चोळायला लागले.

"प्वेब्लोला जाणार?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"हो."

"केव्हा?"

"मंगळवारी."

"तिकडे उतार नाही म्हणतात."

"नाही."

तीओंनी गाडी सुरू केली. कोरीना बाहेर उभी, ठोकळा चाकापुढे. तो तिने काढल्याशिवाय गाडी जाणार नव्हती आणि तीओ 'काढ' म्हणत नव्हते. इंजिन गुरगुरत होतं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच बघत होते की थांबून राहायची पाळी तिची नव्हती, तीओंची होती. मग तिने ठोकळा काढला, दार उघडलं, तो आपल्या जागेवर सीटवर ठेवला आणि बाहेरूनच दार लावून घेतलं.

"फेला आहे मागे," ती म्हणाली. "जा तुम्ही."

आणि ती वर, घराकडे चालायला लागली. ईस्टरचे नवे बूट घालून, चढावर. नंतर तिने मला सांगितलं, "त्या सीटवर परत बसले असते ना फेला, तर उठले नसते." तीओ आरशात बघत होते. ती वळणाआड गेली तेव्हा त्यांनी हॅन्डब्रेक काढला आणि आम्ही खाली गेलो. एस्पान्योलाच्या रस्त्यावर त्यांनी चार फेऱ्या मारल्या, लोकांना हात केला, कुणाशी बोलले नाहीत.

कोरीना मंगळवारी गेली. एलिसेओशी लग्न झालं, चर्चमध्ये दहा माणसं. चेंडू ठेवून बघितलास का, असं मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, "ठेवला. हलला नाही." आणि जरा थांबून, "पण एलिसेओने सिग्नलला गाडी थांबवली की माझा हात दाराच्या कडीवर जातो गं. तो हसतो. मला नाही हसू येत."

इकडे पुढच्या सीटवर ठोकळाच बसायला लागला. चार रविवार तीओ एकटे गेले. झाडापाशी थांबायचे, स्वतः उतरायचे, कण्हत वाकून ठोकळा लावायचे, उगाचच. लोक मला सांगायला लागले. शेवटी मी म्हटलं, मी येते. पुढे बसायचं तर ठोकळा कुठे ठेवायचा? त्यांनी तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी ओळखून चुकले.

झाडापाशी गाडी थांबली. हॅन्डब्रेक ओढून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका, तीओ," मी म्हटलं. "मी उतरणार नाही. माझे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत, आणि मी तुमची मुलगी नाही."

"मग मी उतरतो."

"ठोकळा माझ्याकडे आहे. देणार नाही."

त्यांना राग आला, तो मी येऊ दिला. पाय ब्रेकवर, गुडघा पुन्हा कापायला लागला. मला त्यांची कीव आली, पण मी ठोकळा घट्ट धरून बसले. खूप वेळ गेला. मग त्यांनी डोळे मिटले आणि पाय काढला.

गाडी जागची हलली नाही.

त्यांनी डोळे उघडले, समोर बघितलं, बाजूचं झाड बघितलं, झाडही तिथेच होतं.

"राहते की," ते म्हणाले.

"रामोनने काय उगाच आणल्या होत्या?"

त्यांनी नाक पुसलं. त्या दिवशी आम्ही मिरवायला गेलोच नाही. तिथूनच गाडी फिरवली आणि घरी आलो. त्यांनी टोपीसुद्धा न काढता प्वेब्लोला फोन लावला. मी दारात उभी राहून ऐकलं, लाज कसली. त्यांनी कोरीनाला पाऊस विचारला, आलुबुखार विचारले, एलिसेओचं पोट विचारलं. मी दारातून हातवारे करत होते. मग ते तापलेला तवा धरल्यासारखे घाईघाईने म्हणाले, "ये कधीतरी," आणि तिचं उत्तर न ऐकताच फोन ठेवून दिला.

मी घरी पोचते तोच माझा फोन वाजला.

"फेला, खरं सांग," कोरीना धापा टाकत होती. "अपा आजारी आहेत का?"

"नाही गं. धडधाकट आहेत."

"मग ये का म्हणाले?"

"यायला सांगायचं होतं म्हणून."

मग तिने नाक ओढलं.

"रविवारी येते," ती म्हणाली. "पण पुढे तूच बस. मी मागे बसेन."